संगणकाच्या खेळांतील लेखक

नाटककाराचा प्रेक्षक खुर्चीवर बसून राहतो आणि कादंबरीकाराचा वाचक निमूटपणें पान उलटतो. संगणकाच्या खेळासाठीं लिहिणाऱ्याला मात्र असा वाचक मिळतो कीं जो गोष्टींत शिरून मनास येईल तें करूं लागतो. राजवाड्याकडे चला म्हणावें तर तो विहिरींत उतरतो. अशा वाचकासाठीं लिहावयाचें कसें, हा प्रश्न ज्यांना प्रथम सोडवावा लागला त्यांत अमेरिकेतील इन्फोकॉम या संस्थेचें नांव अग्रभागीं येतें.

मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयांतील मंडळींनीं १९७९ सालीं ती स्थापन केली. तिच्या गाजलेल्या खेळांत चित्रें नव्हतीं. खेळाडू एखादी आज्ञा टंकित करी आणि संगणक पडद्यावर गद्यांत उत्तर देई. गोष्ट रचणारा आणि ती यंत्राच्या भाषेंत बसविणारा, या दोन्ही भूमिका बहुधा एकच व्यक्ति पार पाडी. खेळाडू कोणकोणता वेडेपणा करील हें आधींच ओळखणें आणि त्यावर समर्पक उत्तर तयार ठेवणें, हेंच तेथील खरें लेखन. कथानक जुळविणें त्या मानानें सोपें.

स्टीव्ह मेरेट्झ्की हा तेथें प्रथम इतरांच्या खेळांतील चुका शोधण्याचें काम करी. १९८३ सालीं त्यानें ‘प्लॅनेटफॉल’ रचला. त्यांत फ्लॉईड नांवाचा एक बालिश यंत्रमानव खेळाडूची पाठ सोडीत नाहीं. तो लाडिक बडबड करतो, भलत्या वेळीं खेळण्याचा हट्ट धरतो, अगदीं नको नकोसें करतो. पुढें हिंस्र प्राण्यांनीं भरलेल्या प्रयोगशाळेंतून एक आवश्यक वस्तु आणावयाची असतें, तेव्हां तोच आंत धांवतो आणि घायाळ होऊन परततो तो मरण्यासाठींच. त्या चार ओळी वाचून कित्येक मोठीं माणसें रडलीं. याचें कारण केवळ करुण शब्द नव्हेत. प्रयोगशाळेचें दार खेळाडूनें स्वतः उघडलेलें असतें.

पुढील वर्षीं मेरेट्झ्कीला डग्लस ॲडम्स हा सहकारी मिळाला. ॲडम्सची ‘हिचहाइकर्स गाइड टु द गॅलक्सी’ ही विनोदी श्रुतिका १९७८ सालीं बी.बी.सी.वरून प्रथम ध्वनिक्षेपित झाली, पुस्तक नंतरचें. म्हणजे तिचें माहेर नभोवाणीच. ॲडम्सची दिरंगाई सर्वश्रुत होती, आणि प्रकाशकाला द्यावयाची कादंबरीहि तेव्हां रखडलेली होती. अखेर मेरेट्झ्कीला अटलांटिक ओलांडून डेव्हन परगण्यांत त्याच्यासमोर ठाण मांडावें लागलें. १९८४ सालीं निघालेल्या या खेळांत एके ठिकाणीं खेळ धडधडीत खोटें बोलतो. येथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं, असें तो सांगतो; खेळाडूनें पुन:पुन्हा पाहण्याचा आग्रह धरावा तेव्हां कोठें कबुली देतो. लबाड निवेदक छापील कादंबरींतहि भेटतो, पण तेथें वाचकाला त्याची उलटतपासणी घेतां येत नाहीं.

मग चित्रें आलीं. इन्फोकॉम १९८६ सालीं दुसऱ्या संस्थेच्या हातीं गेली व १९८९ सालीं तिचें कार्यालय बंद झालें. बंदुकबाजीच्या खेळांत तर गोष्ट म्हणजे आरंभीं व शेवटीं चिकटविलेला मजकूर, अशी समजूत रूढ झाली.

वॉल्व्ह संस्थेनें मार्क लेडलॉ या कादंबरीकाराला १९९७ सालीं नोकरीस घेतलें तेव्हां ‘हाफ-लाइफ’ हा असाच एक बंदुकीचा खेळ अर्धामुर्धा तयार होता. वर्षाच्या अखेरीस तो बहुतांशीं नव्यानें रचावयाचें ठरलें. त्यासाठीं जी सहा जणांची बैठक नेमली तींत तीन अभियंते, खेळांतील स्थळें रचणारा एक, आकृतींना हालचाल देणारा एक आणि एक लेखक होता. संवाद मागाहून लिहून देणारा कारकून असें त्याचें स्थान नव्हतें. कोणती भिंत केव्हां कोसळावी याच्या खलांतहि लेखक सामील होता. १९९८ सालीं खेळ प्रसिद्ध झाला. त्याचा नायक, एक तरुण शास्त्रज्ञ, अखेरपर्यंत एक शब्दहि बोलत नाहीं. गोष्ट सांगण्यासाठीं खेळाडूच्या हातांतील सूत्रें काढून घेऊन त्याला प्रेक्षक करून बसविणें, हा सर्वत्र चालणारा उपाय येथें टाळलेला आहे. ज्या प्रयोगामुळें सारा अनर्थ ओढवतो, त्यांतील नमुन्याची गाडी यंत्रांत ढकलावी लागते ती खेळाडूलाच.