चार मेळांचे सूत्र: एक भाष्य

जॉन बेलच्या 1964च्या प्रमेयाला क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी 1969 मध्ये प्रयोगात तपासता येईल असे रूप दिले. आपल्या चिन्हांत ते असे:

स = म(अ, ब) − म(अ, ब′) + म(अ′, ब) + म(अ′, ब′)
उत्तरे आधीच ठरलेली असतील तर स, −2 ते 2 यांच्या आत
पुंजयामिकीनुसार स, 2.83 पर्यंत

म(अ, ब). एकाच उगमातून गुंतलेल्या फोटॉनांची जोडी निघते. डावीकडचा ध्रुवीकरणमापक अ कोनात, उजवीकडचा ब कोनात; अ′ आणि ब′ हे त्यांचे पर्यायी कोन. प्रत्येकाचे उत्तर +1 किंवा −1. दोन्ही उत्तरांच्या गुणाकाराची असंख्य जोड्यांवरची सरासरी म्हणजे म, त्यांचा मेळ.

− म(अ, ब′). सूत्राचा सारा जीव या वजाचिन्हात आहे. प्रत्येक फोटॉन आपली उत्तरे उगमापासूनच घेऊन निघाला असे धरा. मग एका जोडीपुरते सूत्र अ(ब − ब′) + अ′(ब + ब′) असे होते. इथे अक्षरे म्हणजे ती उत्तरे. ब आणि ब′ सारखे असतील तर पहिला कंस शून्य, विरुद्ध असतील तर दुसरा. उरलेला कंस 2 किंवा −2. मग सरासरी त्यापलीकडे जाणार कशी? शाळेतल्या एवढ्या बीजगणिताने आइन्स्टाइन आणि बोर यांचा वाद प्रयोगशाळेत आणला, याचे मला आजही नवल वाटते.

−2 ते 2. इथे आणखी एक गृहीत आहे: डावीकडे कोणता कोन निवडला याचा उजवीकडच्या उत्तराला स्पर्श होत नाही. समजा, एक मापक आदिलाबादला आणि दुसरा पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला आहे. प्रकाशाला दर 300 मीटरला एक मायक्रोसेकंद लागतो. त्याची वाट संपण्याआधी कोन निवडून मोजणी उरकली, तर इकडची बातमी तिकडे पोचत नाही. 1982 मध्ये आस्पे, दालिबार आणि रोजे यांनी 12 मीटर अंतरावर हे प्रत्यक्ष करून पाहिले. इन्सब्रुकला 1998 मध्ये अंतर 400 मीटर झाले आणि कोनांची निवड यादृच्छिक.

2.83. कोन 0, 45 आणि 22.5, 67.5 अंश ठेवले की हे मूल्य येते. बर्कलीत फ्रीडमन आणि क्लॉसर यांनी 1972 मध्ये कॅल्शियमच्या अणूंतून निघालेल्या फोटॉनांवर पहिली कसोटी घेतली. ओर्सेला 1982 मध्ये आस्पे, ग्रांजिए आणि रोजे यांना स = 2.697 मिळाले, त्रुटी फक्त 0.015. त्यांच्या उपकरणासाठी पुंजयामिकीचे भाकीत 2.70 होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांनी 1978 मध्ये अशा कसोट्यांचे सैद्धांतिक काम केले. मराठी वाचकांपर्यंत ते फारसे पोचले नाही, ही खंत आहे.

एक पळवाट उरली होती. बहुतेक फोटॉन शोधकांतून निसटतात. पकडले गेलेलेच नेमके फसवे नमुने असतील तर? पूर्ण गुंतलेल्या जोड्यांसाठी सुमारे 83 टक्के शोधकक्षमता लागते. एबरहार्डने 1993 मध्ये दाखवले की अपुऱ्या गुंतलेल्या जोड्या वापरल्या तर दोन-तृतीयांश पुरते. त्याच वाटेने, अतिवाहक शोधक वापरून, व्हिएन्ना आणि बोल्डर इथल्या गटांनी 2015 मध्ये अंतराची आणि शोधकांची अशा दोन्ही पळवाटा फोटॉनांसाठी एकाच प्रयोगात बंद केल्या.