अठरा इंचांचे पट्टे

१९४२चा वसंत. ओहायोतल्या एका हायस्कूलचा सुतारकामाचा वर्ग. तुम्ही सोळा वर्षांचे आहात, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या आहेत आणि समोरच्या शिकंज्यात पाइनची एक पातळ फळी आवळून बसवली आहे. तिच्यातून तुम्हाला स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख काढायचा आहे.

मागणी थेट नौदलाची आहे. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि नवं वर्ष उजाडल्या उजाडल्या देशभरातल्या शाळांना सांगण्यात आलं, आम्हाला पाच लाख विमानं करून द्या. ५० जातींची, प्रत्येकी १०,००० नग. अमेरिकी, ब्रिटिश, जर्मन, जपानी, सगळी. तुमच्या वाट्याला स्पिटफायर आलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळून चुकलं, की या पंखाला सरळ कड म्हणून नाहीच. मुळापासून टोकापर्यंत तो वळत जातो आणि टोकाशी लंबगोल होऊन मिटतो. करवतीचं काम पटकन उरकतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

पुठ्ठ्याचा साचा कडेला लावून बघता, तर मध्ये फट. पॉलिशपेपरचे चार हात मारता. आता फट दुसऱ्या टोकाला. लाकडाची भुकटी नखांत, पापण्यांवर, जिभेवरही. शिक्षक येतात, पंख आणि साचा दोन्ही खिडकीकडे धरतात आणि मधून उजेड येतोय का ते बघतात. "अजून घास," एवढंच म्हणून पुढच्या बाकाकडे वळतात. त्यांचाही इलाज नाही. साच्यात न बसणारं विमान तपासणीत नापास होतं, आणि ते वर्गातल्या कुणालाच नको आहे.

मोजमाप १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. यामागे हिशोब आहे. हे मॉडेल डोळ्यांपासून ३५ फुटांवर धरलं, तर खरं विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जेवढं दिसेल तेवढंच ते दिसतं. जहाजावर तोफेमागे बसलेल्या पोराला साधारण त्या अंतरावर ठरवायचं असतं, हे आपलं की त्यांचं. ते पोरगं तुमच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठं असेल.

सगळे भाग जोडून झाले, सांधे भरून झाले, की रंग. तुमच्या डोक्यात हिरवा, करडा, पंखांवरची रंगीत वर्तुळं असं बरंच काही असतं. डबा उघडला जातो आणि आत नुसता काळा. वर्तुळं नाहीत, काच नाही, आकडे नाहीत. एका आठवड्यात वर्गातली सगळी विमानं काळी होऊन तारांना लटकू लागतात आणि त्यातली आपली कुठली, शत्रूची कुठली हे रंगावरून सांगता येत नाही. नौदलाला हेच हवं आहे. आभाळाच्या उजेडासमोर विमान म्हणजे नुसती छाया, आणि माणसाने त्या छायेचा आकार ओळखायला शिकायचं. याच ओहायोत, कोलंबसच्या विद्यापीठात, सॅम्युअल रेनशॉ नावाचे मानसशास्त्रज्ञ पडद्यावर विमानाची आकृती निमिषभरच दाखवून ती ओळखायची सवय लावता येते, हे सिद्ध करत आहेत.

या सगळ्या खटाटोपामागे एक जखम आहे. ६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने युद्ध पुकारल्याला तीन दिवस झाले होते. लंडनच्या पूर्वेला शत्रूची विमानं आल्याची खोटी वर्दी आली आणि वर झेपावलेल्या स्पिटफायर्सनी ब्रिटिश वायुदलाचीच दोन हरिकेन पाडली. त्यात मॉन्टेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक गेला. स्पिटफायरने त्या युद्धात पाडलेली पहिली विमानं आपलीच होती. तुमच्या हातातल्या लाकडी पंखाची कड एवढी नेमकी का हवी, याचं उत्तर त्या सकाळी मिळालेलं आहे.

आता पुढे चला. वाटेत जुलै १९४३, सिसिली. इथे उतरू नका, वरूनच बघा. रात्रीची वेळ, छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेली १४४ अमेरिकी वाहतुकीची विमानं किनाऱ्यावरून आत वळताहेत. खाली त्यांच्याच नौदलाची जहाजं आहेत आणि त्यांच्यावर दिवसभर जर्मन बॉम्ब पडले आहेत. एक तोफ सुटते, मग दुसरी, मग सगळ्याच. १४४ पैकी २३ विमानं नष्ट होतात. एवढ्या गर्दीत, एवढ्या भीतीत, ५० आकार पाठ असलेला माणूसही चुकतो. तेव्हा ओळख विमानाच्या अंगावरच मोठ्या अक्षरांत लिहायला हवी, हा धडा तिथून पुढे गेला.

४ जून १९४४, रविवार. दक्षिण इंग्लंडमधला ससेक्स परगणा, समुद्राला लागून असलेला फोर्डचा विमानतळ. वारा वाढलाय, ढग खाली आलेत. तुम्ही आता विमानाची देखभाल करणाऱ्या जमिनीवरच्या तुकडीत आहात. एकेका विमानामागे तुम्ही दोघं-तिघं. हुकूम आलाय: सगळ्या लढाऊ विमानांवर पट्टे काढा. पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा, दोन्ही पंखांना वरून-खालून आणि शेपटीच्या अलीकडे धडाभोवती. एक इंजिनाच्या विमानाला प्रत्येक पट्टा १८ इंच, दोन इंजिनांच्या विमानाला २४. हुकूम कागदावर एप्रिलपासून तयार होता. पण शत्रूला आधी कळलं तर तोही तसेच पट्टे काढेल, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत ब्रश उचलायला बंदी होती. आता घटका भरली आहे, आणि देशभरातल्या तळांवर हजारो विमानं एकाच वेळी रंगवायची आहेत.

तुमच्या समोरचं स्पिटफायर साधंसुधं नाही. विंग कमांडरला आपली आद्याक्षरं विमानावर घालायचा मान असतो, म्हणून या विमानाच्या अंगावर जेई-जे लिहिलेलं आहे. जेम्स एडगर जॉनसन, सगळ्यांचे जॉनी जॉनसन, कॅनडाच्या तीन स्क्वॉड्रनचे प्रमुख. पण रंगाच्या बाबतीत साहेबांच्या विमानालाही सवलत नाही.

सुतळीला खडू चोळून पंखावर ताणता, चिमटीत उचलून सोडता. रेघ उमटते. शेजारच्या विमानापाशी सुतळी नाही, तिथे नुसत्या अंदाजाने चाललंय. ब्रश चार इंची, काही ठिकाणी तर झाडूच. पांढरा आधी. तो हिरव्या-करड्या रंगावर पातळ बसतो आणि खालचा गडद रंग वर डोकावतो. दुसरा हात द्यायला वेळ नाही. रिव्हेटच्या ओळीवरून ब्रश गेला की ठिपक्याठिपक्याने रंग साचतो. पत्र्यांच्या सांध्यात तो आत शिरतो आणि काळ्याची कड तिथेच दातेरी होते. पंखाच्या खालची बाजू रंगवायची तर पाठीवर आडवं व्हावं लागतं आणि पांढरे थेंब कपाळावर, कानात पडतात. धडाला पंखांसारखी सपाट जागा नाही. ते शेपटीकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे वर सरळ दिसणारा पट्टा पोटाखाली येईस्तोवर तिरका झालेला असतो. दोन बाजूंनी आलेल्या दोन रेघा खाली एकमेकींना चुकतात. तुमचा जोडीदार वाकून बघतो आणि म्हणतो, "खालून कोण मोजणार?"

खालूनच मोजणार आहेत, खरं तर. जहाजावरचे तोफची खालूनच बघणार. पण त्यांना कड सरळ आहे का ते बघायचं नाही. पट्टे आहेत की नाहीत, एवढंच बघायचं आहे. ही युक्ती अगदीच नवी होती असंही नाही. टायफून नावाचं ब्रिटिश विमान समोरून जर्मन फॉके-वुल्फ १९० सारखं दिसायचं आणि आपल्याच तोफांना बळी पडायचं, म्हणून त्याच्या पंखांखाली काळे-पांढरे पट्टे १९४२ सालीच आले होते. या रविवारी मात्र ते सगळ्यांनाच मिळताहेत. संध्याकाळी विमानांच्या रांगेकडे बघितलं तर एकाचेही पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. हात तुमचा, तसा पट्टा तुमचा.

परवा मंगळवारी दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरेल आणि ही विमानं त्यावर घिरट्या घालतील. तुम्ही तोवर थांबू नका.

१९६१. इंग्लंडमधलं एक मध्यम आकाराचं गाव, शनिवार दुपार. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि वूलवर्थच्या दुकानात खेळण्यांच्या काउंटरपाशी उभे आहात. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, वर घडी घातलेला चित्राचा कागद स्टेपल करून एअरफिक्सची विमानं टांगलेली आहेत. त्यांत स्पिटफायर मार्क नऊ, नवीन आलेलं, अंगावर जेई-जे. किंमत दोन शिलिंग. मोजमाप तेच, १:७२. ओहायोच्या बाकावरचं माप आता खाऊच्या पैशात मिळतं. लाकूड गेलं, प्लॅस्टिक आलं. तुम्ही ज्या कडेसाठी आठवडाभर घासलंत, ती पोलादी साच्यातून तयार होऊन आली आहे.

स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरता. भाग चौकटीपासून पिरगळून तोडू नका, ब्लेडने कापा, म्हणजे पांढरे ओरखडे येत नाहीत. गोंद सांभाळून लावा. हा गोंद दोन भागांमध्ये थर होऊन बसत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरतात. म्हणूनच गोंदाचं बोट कॉकपिटच्या पारदर्शक टोपीला लागलं, तर बोटाचा ठसा कायमचा राहतो. पुसायला गेलात तर आणखी पसरतो.

आता रंग. हंबरोलचा इनॅमल, लहानशी डबी. चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटता, वर नुसतं पिवळसर तेल. रंग खाली बसलाय. काडीने तळापासून ढवळा, एवढा वेळ की हात दुखेल. वर गर्द हिरवा आणि करडा, पोटाला फिका करडा, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी रेघ. मग पट्टे. १८ इंच भागिले ७२, म्हणजे बरोबर पाव इंच. शाळेच्या पट्टीवर ती खूण छापलेलीच असते. हे तुमच्या लक्षात येतं, आणि पेन्सिलने पंखावर खुणा करताना हात थोडा थरथरतो. फोर्डमध्ये ज्या मापाने सुतळी धरली गेली, तेच माप तुमच्या पट्टीवर आहे.

पांढऱ्याचे दोन हात, मध्ये रात्रभर वाळवण. मग सेलोटेप लावून काळा. टेप ओढता, तर एका जागी काळा टेपखाली झिरपलेला आणि दुसरीकडे टेपबरोबर पांढऱ्याची खपली उचललेली. तुम्ही दुरुस्त करायला बसता. पांढऱ्याने काळ्याची कड खाता, काळ्याने पांढऱ्याची. तासाभराने पट्टे सरळ होतात, पण रंगाचा थर इतका जाड होतो की खालच्या सांध्याच्या रेघा बुजून जातात.

आणि शेवटी आज, तुमचंच टेबल. साधनं कुठल्या कुठे गेली आहेत. मापात कापून आलेले चिकट मास्क आहेत, एअरब्रश आहे. १८ इंची पट्टा ६.३५ मिलिमीटरवर आणून केसाएवढाही फरक न ठेवता मारता येतो. मॉडेल करणाऱ्यांच्या गप्पांत अशा सुरीने कापल्यासारख्या कडांचं फार कौतुक होतं. मला ते पटत नाही, आणि हे मी हौसेखातर नाही, पुराव्यावर म्हणतोय. जून १९४४चे फोटो काढून बघा. कडा हलतात, पांढऱ्यातून हिरवा डोकावतो, धडाखाली रेघा चुकतात. ज्याने सरळ रेघ मारली त्याने स्पिटफायर चांगलं केलं असेल, पण तो रविवार त्याच्या हातून निसटला.

म्हणून असं करा. पट्ट्याची जागा मापून घ्या, ती चुकवू नका. धडावरचा शेवटचा पट्टा शेपटीच्या आडव्या पंखाच्या १८ इंच अलीकडे संपतो, म्हणजे तुमच्याकडे पाव इंच मोकळं. पण कडा हाताने मारा, सपाट ब्रशने. पांढरा डबीतला जसाच्या तसा घेऊ नका, करड्याचा एक थेंब घाला. लहान वस्तूवर खरा रंग डोळ्याला टोचतो, कारण अंतराने रंग फिकट आणि मवाळ होत जातो आणि तुम्ही विमान दुरून बघताहात. काळाही तसाच, निखळ काळा नको, गर्द राखाडीकडे झुकलेला. दुसरा हात देऊ नका. त्यांनीही दिला नव्हता.

एक गोष्ट मात्र ब्रश उचलायच्या आधी ठरवावी लागेल. दोस्तांच्या सैन्याने नॉर्मंडीत पाय रोवल्यावर पुढच्या आठवड्यांत पंखांच्या वरच्या बाजूचे पट्टे झाकायला सुरुवात झाली, कारण जमिनीवर उभं असलेलं विमान वरून जाणाऱ्या शत्रूला त्या पट्ट्यांनी लगेच दिसायचं. झाकलेल्या जागी नवा हिरवा आणि करडा जुन्याहून ताजा राहिला. वर्ष संपेपर्यंत बहुतेकांवर धडाच्या खालच्या बाजूचेच पट्टे उरले. तेव्हा विमान कुठलं हा प्रश्न सुटला, तरी काम अर्धंच झालंय. तुमचं जेई-जे ६ जूनच्या पहाटेचं आहे, की ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारचं? पट्टे वरून-खालून दोन्हीकडे मारायचे, की वरचे मारून मग झाकायचे, हे त्या तारखेवर अवलंबून आहे.