अनुबंधशैली, प्रेमसंबंधांतील

अनुबंधशैली : भीतीच्या, आजारपणाच्या किंवा दुराव्याच्या वेळी माणूस आपल्या जिवलगाकडे कसा वळतो, मुळात वळतो की नाही, आणि वळल्यावर आधार मिळेल याची त्याला कितपत खात्री असते, याची बऱ्यापैकी टिकून राहणारी धाटणी. शहरी बोलण्यात ‘अटॅचमेंट स्टाइल’ हाच शब्द रुळला आहे.

कल्पनेचे मूळ तान्ह्या मुलांच्या अभ्यासात आहे. मूल आईला चिकटते ते दुधापायी, ही जुनी समजूत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी खोडून काढली. सांभाळणारे कोणीतरी जवळ असणे ही भुकेइतकीच स्वतंत्र गरज आहे, असे त्यांनी मांडले. मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) यांनी आधी युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला मायलेकरांचे निरीक्षण केले. आई खोलीबाहेर जाऊन परत आली की वर्षभराचे मूल काय करते, यावरून त्यांनी सुरक्षित, चिंतातुर आणि टाळणारा असे तीन गट पाडले. चौथा, विस्कळीत गट पुढे मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी जोडला.

मोठ्या माणसांच्या प्रेमाला ही मोजपट्टी लागली १९८७ मध्ये. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकात एक प्रेमप्रश्नावली छापली. तीन छोटे परिच्छेद द्यायचे आणि आपल्याला लागू पडेल त्यावर वाचकाने खूण करायची, एवढाच तिचा गाभा. विश्लेषणासाठी घेतलेल्या ६२० उत्तरांत ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे आणि १९ टक्के चिंतातुर निघाले. लहान मुलांतले प्रमाणही साधारण असेच होते. हौसेने उत्तर धाडणाऱ्या वाचकांवरून काढलेला हा निष्कर्ष, तरी आजही तो लोकसंख्येचा हिशेब म्हणून सर्रास सांगितला जातो. शास्त्र मात्र पुढे सरकले आहे. १९९८ पासून केली ब्रेनन, कॅथरीन क्लार्क आणि शेव्हर यांच्या ३६ विधानांच्या प्रश्नावलीतून दोन अक्ष मोजले जातात : सोडून जाण्याची धास्ती, आणि जवळिकीचा संकोच. दोन्ही कमी असले की सुरक्षितता. बहुतेक माणसे मधेच कुठेतरी असतात, म्हणून ‘मी अमुक प्रकारचा’ ही भाषा ढोबळच म्हणायची.

शैली एरवीच्या गप्पांत फारशी दिसत नाही. ती दिसते ताणाच्या वेळी. जेफ्री सिम्पसन, स्टीव्हन रोल्स आणि ज्युलिया नेलिगन यांचा १९९२ चा प्रयोग यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ८३ प्रेमी जोडप्यांतील प्रत्येक मुलीला एक अंधारी, बिनखिडकीची खोली दाखवली. आत उपकरणे मांडलेली. इथे जे होणार आहे त्याने बहुतेकांना बराच त्रास होतो, असे तिला सांगितले आणि मग यंत्रे तयार नाहीत म्हणून दोघांना बाहेर पाच मिनिटे बसवले. खरा प्रयोग ती पाच मिनिटे हाच होता. त्यांचे गुपचूप चित्रण होत होते. सुरक्षित मुली जितक्या घाबरल्या तितक्या जोडीदाराकडे अधिक वळल्या. टाळणाऱ्या मुली भीती वाढेल तसतशा गप्प झाल्या. मुलांचेही तसेच : सुरक्षित मुलगा तिची घालमेल वाढताना धीर देऊ लागला, टाळणारा आणखी आखडला. हे वागणे निव्वळ उदासीनतेचे नव्हे, कारण भीती कमी असताना टाळणारी मंडळीही आधार घेत-देत होती.

रोजच्या संवादात याचे पडसाद ओळखीचे असतात. ‘पोचलास का?’ या निरोपाला दोन तास उत्तर नाही. सुरक्षित माणूस कामात अडकला असेल म्हणतो आणि संध्याकाळी ‘मला काळजी वाटली’ असे सरळ सांगतो. चिंतातुर माणूस चार फोन करतो, मग रुसतो, आणि ‘काय झालं?’ विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणून समोरच्याने ओळखण्याची वाट पाहतो. त्याची मागणी आधाराची असते, पण ऐकू येतो तो आरोप. टाळणाऱ्याला तो आरोप म्हणजे कोंडी वाटते. तो विषय बदलतो, अबोला धरतो, ‘उगाच मोठं करतेस’ म्हणतो. एकाने मागे लागायचे आणि दुसऱ्याने निसटायचे, हे चक्र एकदा फिरू लागले की भांडणाचा मूळ विषय कोणाला आठवतही नाही.

शरीरसंबंधांतही हाच धागा सापडतो. चिंतातुर व्यक्ती त्यात प्रेमाची ग्वाही शोधते, त्यामुळे एखादा नकारही तिला जिव्हारी लागतो. टाळणाऱ्याला शरीराची जवळीक चालते, नंतरचे हळवे बोलणे नकोसे होते.

एक चिंतातुर आणि एक टाळणारा अशी जोडी मोडणारच, असे लोकप्रिय पुस्तके सुचवतात. ली कर्कपॅट्रिक आणि कीथ डेव्हिस यांच्या १९९४ च्या अभ्यासात मात्र चिंतातुर स्त्री आणि टाळणारा पुरुष यांची नाती तीन वर्षांनंतरही चिवटपणे टिकलेली आढळली, समाधान कमी असूनही. नाते टिकले म्हणजे ते सुखाचे आहे, असे धरून चालणे त्यामुळे अवघड होते.

बालपणीची शैली आणि प्रौढपणीची शैली यांचा दुवा आहे, पण क्षीण. भरवशाचा जोडीदार, नवे नाते किंवा उपचार यांनी ती बदलते. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात कॅनडात घडवलेल्या भावनाकेंद्री दांपत्योपचारात भांडणाचा निवाडा केला जात नाही. दोघांना मिळून आधी ते चक्र ओळखायला शिकवतात, मग त्याखालची भीती एकमेकांना सांगायला लावतात.

या संशोधनाचा मोठा भाग पाश्चात्त्य देशांतल्या, त्यातही विद्यापीठीन तरुणांवर झाला आहे. आपल्याकडे मूल आजी, आत्या, काकूंच्या हातांवर वाढते, ठरवून झालेल्या लग्नात ओळख बहुधा नंतरच होते आणि सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायको फारसे बोलत नाहीत. तिथले मौन टाळाटाळीच्या खात्यात टाकण्यापूर्वी समुपदेशकाने घरात खोल्या किती, हे विचारावे.