बक्कल नंबर : पोलिसी बिल्ल्यांचा इतिहास

महाराष्ट्रातील पोलीस शिपायाचे नाव सरकारी कागदात येते, तेव्हा त्याच्या जोडीला 'ब. नं.' ही अक्षरे आणि एक आकडा लिहिलेला आढळतो. 'ब. नं.' म्हणजे बक्कल नंबर. शिपायाच्या कमरपट्ट्याच्या पितळी बकलावर त्याचा क्रमांक असे, त्यावरून हा शब्द रूढ झाला. बकलाचे रूप पुढे बदलत गेले. शब्द मात्र टिकून राहिला. जुने पोलिसी बिल्ले, बक्कले आणि बटणे जमविण्याचा छंद अनेकांना हौशी वाटतो. परंतु या पितळेच्या तुकड्यांत राज्यसत्ता आणि सामान्य रयत यांच्या संबंधांचा मोठा इतिहास साठलेला आहे.

पेशवाईतील पुण्यात कोतवाल होता, त्याची चावडी होती, हाताखाली शिपाई होते. त्या कोतवालीची दहशत किती असे, हे घाशीराम कोतवालाच्या कारकिर्दीवरून व 1791 मध्ये संतप्त जमावाने दगडांनी केलेल्या त्याच्या शेवटावरून कळते. अधिकार त्या काळी माणसाच्या चेहऱ्यावरून आणि दराऱ्यावरून ओळखला जाई. अन्याय करणारा शिपाई नेमका कोण, हे सांगण्यास रयतेजवळ त्याच्या नावावाचून दुसरी खूण नव्हती.

कचेरीच्या सेवकाची खूण म्हणून 'चपरास' मात्र जुनीच. पट्ट्यावर बसविलेल्या या पितळी पत्र्यावर कचेरीचे नाव असे. ती धारण करणारा तो चपराशी. हा शब्द फारसीतील 'चप-ओ-रास्त', म्हणजे डावे-उजवे, यावरून आल्याचे सांगतात. मुंबई इलाख्यात त्याच सेवकाला पट्ट्यावरून 'पट्टेवाला' म्हणत. मात्र चपराशीवरून कळे ती कचेरी. माणूस कळत नसे.

माणसाला क्रमांक देण्याची पद्धत लंडनमध्ये 1829 साली स्थापन झालेल्या महानगर पोलीस दलात दिसते. तेथील शिपायांच्या कॉलरवर अक्षर व आकडा असे. हिंदुस्थानात 1861 चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्यासाठी 1890 चा जिल्हा पोलीस कायदा स्वतंत्र होता. 1861 च्या कायद्यातील एक कलम संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नोकरी सुटताच शिपायाने नेमणुकीचा दाखला, कपडे आणि साजसरंजाम ताबडतोब परत करावा, न केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असे 28 वे कलम सांगते. बिल्ला शिपायाच्या मालकीचा नव्हता, सरकारचा होता. लाखो शिपायांनी छातीवर आणि कमरेवर मिरविलेल्या या वस्तू आज इतक्या थोड्या का सापडतात, याचे एक उत्तर या कलमात आहे. दुसरे उत्तर मोडीच्या दुकानात मिळते. पितळेला वजनावर भाव मिळतो, इतिहासाला तो मिळत नाही.

बिल्ल्याचा काळ ठरविताना जाणकार प्रथम मुकुट पाहतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट वेगळा. 1901 नंतरचा, ज्याला ट्यूडर मुकुट म्हणतात, तो वेगळा. राजाच्या नावाची आद्याक्षरे असल्यास काळ आणखी निश्चित होतो. 26 जानेवारी 1950 नंतर मुकुटाची जागा सारनाथच्या सिंहमुद्रेने घेतली. पाठीमागची बाजूही बोलकी असते. बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट किंवा लंडनच्या फर्मिन या कारखान्यांची नावे बटणांच्या मागे आढळतात. साध्या शिपायाचे बक्कल पुष्कळदा स्थानिक ओतकामाचे असते. त्याचा काठ खडबडीत व अक्षरे किंचित वाकडी दिसतात. रोज घासून झिजलेली अक्षरे हीच खऱ्या बिल्ल्याची साक्ष. बाजारात नव्याने ओतून मुद्दाम काळवंडलेल्या नकला भरपूर आहेत, म्हणून ही झीज नीट पाहावी लागते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना संस्थानी बिल्ले विशेष जवळचे. ग्वाल्हेरचे नाग, इंदूरचा सूर्य, बडोद्याची तलवार ही चिन्हे त्या त्या संस्थानांच्या नाण्यांवर होती, आणि दरबारी चाकरी केलेल्या घरांना ती आपली वाटत. राजा सर टी. माधवराव यांनी इंदुरात आणि नंतर 1875 ते 1882 या काळात बडोद्यात दिवाणगिरी केली. बडोद्यात त्यांनी राज्यकारभाराबरोबर पोलीस खात्याचीही नवी घडी बसविली. पुढे 1948 मध्ये ग्वाल्हेर व इंदूर मध्यभारतात सामील झाले. 1 मे 1949 रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. एका आदेशासरशी जुनी राजचिन्हे निरुपयोगी ठरली. शिपाई तोच, चौकी तीच, गल्लीही तीच. टोपीवरचे राज्य तेवढे बदलले.

हैदराबाद संस्थानात कोतवाल, मोहतमीम, अमीन ही अधिकाऱ्यांची नावे होती. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात 'अमीनसाहेब' हा शब्द कधी आदराने, कधी धास्तीने येई. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्याने केलेली कारवाई लोकांच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन' म्हणूनच राहिली. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत हे संस्थान तीन राज्यांत विभागले गेले आणि एका दलाच्या आठवणी तीन भाषांत वाटल्या गेल्या. एखाद्या घरातील जुना बिल्ला हा त्या मोडलेल्या घडीचा दुवा ठरू शकतो. मात्र तो कोणाचा, कोठल्या ठाण्यातला, हे सांगणारे माणूस गेले की उरते ते केवळ पितळ.

म्हणून संग्रह करणाऱ्याने वस्तूबरोबर तिची हकीकत लिहून ठेवणे अगत्याचे आहे. चिंच किंवा राख लावून बिल्ला चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्याने पुरावा पुसला जातो. कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षे पूर्ण झालेली अशी वस्तू 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते व ती परवान्याविना परदेशी नेता येत नाही. चालू वापरातील पोलिसी चिन्हे फसवणुकीच्या हेतूने धारण करणे हा तर गुन्हाच आहे.

या सर्व इतिहासाचे सार 1996 च्या एका निकालात सापडते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटक करणाऱ्या पोलिसाने आपले नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावलीच पाहिजे. बिल्ला अधिकाराची खूण आहेच. पण तो वाचण्याचा हक्क नागरिकाचा आहे. ज्याला क्रमांक आहे, त्याला जाब विचारता येतो. कोतवालाच्या चावडीपासून या तत्त्वापर्यंत येण्यास दोन शतके लागली, आणि त्या वाटचालीच्या खुणा या झिजलेल्या बकलांवर उमटल्या आहेत. ग्रंथालये जशी पोथ्या आणि दफ्तरे जपतात, तशीच सभासदांच्या घरांतील अशा वस्तू व त्यांच्या हकीकती जपली जाणे इष्ट होय. पुढील पिढीला पितळ कोठेही मिळेल. त्यामागची माणसे मात्र लिहून ठेवली तरच भेटतील.