शेअरबाजार आणि वायद्याचा दिवस

शेअरबाजार म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जुगाराचा अड्डा उभा राहतो. ही समजूत सर्वस्वीं निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं; ती अपुरी मात्र खास आहे. सौदा ठरणें आणि सौदा पुरा होणें, या दोहोंमध्यें जो काळ जातो तो सुरक्षित राखणें हें या संस्थेचें एक मुख्य कार्य होय. आणि त्याचें महत्त्व मुंबईस जबर किंमत देऊन कळलें.

मोठा उद्योग एकट्याच्या पैशावर उभा राहत नाहीं. म्हणून कंपनी आपल्या भांडवलाचे भाग पाडून ते लोकांस विकते. हा पैसा गिरणींत व यंत्रांत गुंतल्यामुळें भागधारकास तो कंपनीकडून परत मागतां येत नाहीं. परंतु आपला भाग दुसऱ्यास विकतां येतो. अशा विक्रीची नियमबद्ध पेठ म्हणजेच शेअरबाजार.

१८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस बंद पडल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या भागास सुमारें ५०,००० रुपयांपर्यंत भाव चढला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अग्रणी होते. भाव आज ठरवावा, देवघेव मात्र १ जुलै १८६५ रोजीं करावी, असे वायदे सर्रास होऊं लागले.

एप्रिल १८६५ मध्यें सेनापति ली शरण गेला, युद्ध संपलें आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचा दिवस उजाडला तेव्हां जो तो दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर विसंबून होता. एक दुवा तुटतांच सारी सांखळी तुटली. भागांच्या तारणावर कर्जें देणारी बाँबे बँकही पुढें १८६८ त बुडाली.

या अनुभवानंतर, १८७५ त, मुंबईच्या शेअर दलालांनीं आपला संघ स्थापिला. १९९२ त स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअरबाजारानें १९९४ पासून संगणकावर भागांचे सौदे सुरू केले. गिऱ्हाइकाची मागणी दलालामार्फत तेथें जाते; सर्वांत चढा भाव देणारा आणि सर्वांत कमी भाव मागणारा यांची गांठ यंत्रच घालतें, व भाव सारखा असल्यास आधीं आलेल्यास अग्रहक्क मिळतो. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्यें उभी राहते. विकणाऱ्यास तीच गिऱ्हाईक व घेणाऱ्यास तीच विक्रेता. एकानें शब्द मोडला तरी दुसऱ्याचें नुकसान होऊं नये, म्हणून ती आगाऊ अनामत घेते. १९९६ पासून भागांची नोंद कागदाऐवजीं खात्यांत होऊं लागली. आणि जानेवारी १९२३ नव्हे, तर तब्बल शतकानंतर, जानेवारी २०२३ पासून देवघेव सामान्यतः दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशीं पुरी होते.

तथापि नवशिक्यानें एक भेद विसरूं नये. बाजार हमी देतो ती सौदा पुरा होण्याची. घेतलेल्या वस्तूच्या मोलाची नव्हे. १८६५ त आजची सारी व्यवस्था असती, तर बॅकबेचे भाग घेणाऱ्याच्या हातीं वेळेवर पडले असते. पण त्यांस ५०,००० रुपयांचें मोल तिनें आणून दिलें नसतें. तें पारखण्याचें काम तेव्हांही घेणाऱ्याचेंच होतें, आजही त्याचेंच आहे.