शून्य किमतीची कुळकथा

मोबाइलवरचा गेम फुकट मिळतो याचे आता कोणाला नवल वाटत नाही. सर्वसाधारण समजूत अशी की मोबाइलवरचे गिऱ्हाईकच चिक्कू, म्हणून कंपन्यांनी हात टेकले. घटनाक्रम मात्र वेगळे सांगतो. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले, तेव्हा सेगाचा ‘सुपर मंकी बॉल’ ९.९९ डॉलरला होता आणि लोक तो विकत घेत होते. किंमत पाडली ती दुकानाच्या मांडणीने. लोकप्रिय गेमची यादी किती पैसे जमले यावर लागत नसे. किती जणांनी गेम घेतला यावर लागे. यादीत वर दिसला तर खप, नाहीतर अंधार. मग दर उतरवून नग वाढवायचे आणि नगांच्या जोरावर वर चढायचे, हा शहाणपणा सगळ्यांनाच सुचला. दराची सर्वांत खालची पायरी ९९ सेंटची होती. वर्ष-दीड वर्षात बहुतेक गेम तिथे येऊन बसले. डिसेंबर २००९ मध्ये आलेला फिनलंडच्या रोव्हिओचा ‘अँग्री बर्ड्स’ याच पायरीवरून जगभर गेला. पण त्या ९९ सेंटांतून अ‍ॅपलचा ३० टक्के वाटा गेला की उरत सुमारे ७० सेंट. एक गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर डॉलरभर घालवणे म्हणजे सरळ आतबट्ट्याचा व्यवहार.

या कोंडीतून सुटायची वाट कोरियात आधीच पडलेली होती. तिथल्या नेक्सॉन कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘क्विझक्विझ’ला मासिक वर्गणी लावली, तेव्हा खेळणारे पळाले. कंपनीने वर्गणी काढून टाकली, प्रवेश मोकळा केला आणि आतल्या पात्रांचे कपडे-दागिने विकायला ठेवले. अ‍ॅपलने गेमच्या आत खरेदी करण्याची सोय जून २००९ मध्ये दिली, पण ती फक्त पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपपुरती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती फुकट अ‍ॅपलाही खुली झाली. माझ्या मते आजच्या मोबाइल गेमच्या धंद्याची खरी जन्मतारीख ही. २००८ चे उद्घाटन नव्हे. कारण त्या दिवसापासून दाराशी घेतली जाणारी किंमत शून्यावर आली आणि त्याचबरोबर एका गिऱ्हाइकाकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे ही मर्यादाही उडाली. ‘कँडी क्रश सागा’ काढणाऱ्या किंगने २०१४ मध्ये शेअर बाजारात उतरताना जे आकडे जाहीर केले, त्यांनुसार महिन्याला खेळणाऱ्यांपैकी जेमतेम चार टक्के लोक पैसे देत होते. तरी २०१३ चा महसूल होता १.८८ अब्ज डॉलर.

कोणी म्हणेल, फुकटाची चाल त्याहून जुनी आहे. १९९३ मध्ये ‘डूम’चा पहिला भाग फुकटच वाटला गेला होता. खरे आहे. पण तिथे उरलेल्या गेमला एक ठरलेली किंमत होती, ती भरली की हिशेब मिटत असे. नव्या पद्धतीत हिशेब मिटतच नाही, आणि जाहिरातीचे सारे गणित त्यावरच उभे आहे. सरासरी खेळाडू पुढे किती कमवून देईल याचा अंदाज आला की त्याला आणण्यासाठी किती मोजायचे हेही ठरते. तो अंदाज बांधण्यासाठीच ‘सॉफ्ट लाँच’ची रीत रुळली. सुपरसेल कंपनीने ‘क्लॅश रॉयाल’ जानेवारी २०१६ मध्ये कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, स्वीडन अशा मोजक्या ठिकाणी उतरवला आणि जगासाठी खुला केला २ मार्चला. अशा चाचणीत दुसऱ्या दिवशी किती जण परतले, आठवड्याने किती उरले, कोण कुठे पैसे देतो, हे मोजले जाते. मग जाहिरातीची थैली सुटते.

निंटेंडोने डिसेंबर २०१६ मध्ये उलट प्रयोग करून पाहिला. ‘सुपर मारिओ रन’चे पहिले टप्पे फुकट, पुढचा सगळा गेम एकरकमी ९.९९ डॉलरला. डाउनलोड कोट्यवधी झाले, पण कमाई अपेक्षेला उतरली नाही, असे कंपनीनेच सांगितले. दोनच महिन्यांनी आलेल्या तिच्याच ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने, सोडतीसारख्या पद्धतीने पात्रे विकून, कितीतरी कमी डाउनलोडमध्ये जास्त पैसा आणला. म्हणजे अखेर चिक्कूपणाच ना? तसे असते तर ६.९९ डॉलरचा ‘माइनक्राफ्ट’ फोनवर वर्षानुवर्षे विकत्या गेमच्या अग्रस्थानी टिकला नसता. दहा डॉलर देणारे भेटतात. पण दहावरच थांबणारा गेम हजार देणाऱ्याकडूनही दहाच घेतो.

शंभरांतले शहाण्णव फुकट खेळतात, त्यांचे काय वाईट झाले, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नवी मुंबईच्या गेमशनचा २०१६ चा ‘लुडो किंग’ प्रामुख्याने जाहिरातींवर चालला आणि ज्या घरांनी गेमवर कधी रुपया खर्च केला नसता तिथेही पोचला. एवढे श्रेय द्यायलाच हवे. पण उरलेल्या चौघांसाठी गेमची घडणच बदलते, आणि ती शहाण्णवांनाही भोगावी लागते. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेका जिवासाठी अर्धा तास थांबायचे, नाहीतर पैसे टाकायचे. हे वाट पाहणे ही खेळाची गरज नाही, दराची आहे. तेव्हा मुलांच्या हाती गेम देण्याआधी स्टोअरमधल्या त्याच्या पानावर आतल्या खरेदीचे दर दिलेले असतात, ते एकदा उघडून वाचा.