गोळीच्या पाठीमागची पोकळी : एका आरोपापासून पुण्याच्या तोफेपर्यंत

१/ १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंचांवर एक गंभीर आरोप झाला : त्यांचे सैनिक स्फोटक गोळ्या झाडतात. शास्पो रायफलीच्या जखमा विवरासारख्या दिसत. अशा हलक्या स्फोटक गोळ्यांवर १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने बंदी घातलेली होती. मग खरे काय?

२/ बेल्जियमचे शास्त्रज्ञ मेलसेन्स यांनी वेगळा तर्क मांडला : वेगवान गोळी स्वतःपुढे दाबलेली हवा ढकलत नेते आणि ती हवाच जखम मोठी करते. १८८१ मध्ये पॅरिसला अर्न्स्ट माख यांनी हे ऐकले आणि ती हवा पाहण्याचा ध्यास घेतला.

३/ प्रागमधील पहिला प्रयत्न फसला. गोळीचा वेग ध्वनीपेक्षा कमी होता. १८८६ मध्ये फ्यूमे (आजचे रिएका) येथील नौदल अकादमीत पीटर साल्चर यांनी अधिक वेगवान गोळ्या झाडल्या. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात छायाचित्र उमटले : पुढे धक्कातरंग, मागे भोवऱ्यांची माळ.

४/ पुढचा तरंग प्रसिद्ध झाला. पण गूढ मागेच होते. ध्वनीहून वेगवान हवा गोळ्याच्या सपाट तळाशी पोहोचली की तिला काटकोनात वळता येत नाही. ती पृष्ठभागापासून विलग होते. तळामागे कमी दाबाचा, उलट फिरणाऱ्या हवेचा प्रदेश तयार होतो आणि तो गोळ्याला मागे खेचतो.

५/ हे मोजणे अवघड. वायुबोगद्यात नमुना मागून धरला तर आधाराचा दांडाच प्रवाह बिघडवतो. नळी घातली तर तीही. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात कोर्स्ट यांनी तळाच्या दाबाचा सिद्धांत मांडला. तेथेच हेरिन व डटन यांनी नमुना पुढून धरला आणि ध्वनीच्या सुमारे अडीचपट वेगाच्या प्रवाहात लेझरने सूक्ष्म कणांचा वेग मोजला. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

६/ उपयोग काय? तळातून थोडा उष्ण वायू सोडला की तेथील दाब वाढतो, ओढ घटते, पल्ला वाढतो. हे 'बेस ब्लीड' तंत्र १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झाले. पुण्याच्या एआरडीईने (स्थापना १९५८) आरेखित केलेल्या १५५ मिमी 'अटॅग्स' तोफेने २०१७ मध्ये पोखरणला असाच गोळा सुमारे ४८ किलोमीटर दूर टाकला.

७/ मित्रहो, मूळ प्रश्न माणसाच्या जखमेचा होता. उत्तर शोधताना हाती आले ते पल्ला वाढवण्याचे शास्त्र. विज्ञानाचा इतिहास वाचताना केवळ शोध मोजू नयेत. प्रश्न वाटेत कसा बदलला, हेही पाहावे.